फ्रान्सच्या वाइन भागात सायकल ट्रिप करायचीय? आधी किलोमीटर कमी करा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या एक ताई, वय ५३, मिस्टर ५६, सोबत अजून एक जोडपं. रविवारी खडकवासला-पानशेतकडे ३०-४० किलोमीटर सायकल होते. पुढच्या मे-जूनमध्ये फ्रान्सच्या वाइन भागात आठवडाभराची गाइडेड सायकल ट्रिप करायचीय. बोर्दो, लुआर की बरगंडी? गाइड हवाच का? ई-बाइक घेतली तर चालेल का? चौघांपैकी दोघं शाकाहारी, आणि एकजण वाइन घेतच नाही, त्याचं काय?

ताई, मी गेली बारा वर्षं मराठी मंडळींचे ८-१० जणांचे ग्रुप बरगंडीत नेतो, मे-जूनमध्ये आणि मग सप्टेंबरमध्ये. मूळचा निफाड तालुक्यातला, घरची द्राक्षबाग, त्यामुळे माझा जीव वाइनपेक्षा वेलीत जास्त आहे हे आधीच सांगतो म्हणजे पुढचं त्या हिशोबानं वाचाल.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. कुणी दिवसाला ६०-७० किलोमीटरचा प्लॅन दाखवला तर घेऊ नका. ३० ते ४० भरपूर झाले, एखाद्या दिवशी २५ सुद्धा पुरतात. तुम्हाला जमणार नाही म्हणून नाही म्हणत, तुम्हाला ७० आरामात जमतील, पण मग तुम्ही सायकल चालवून याल आणि तो भाग बघायचा राहून जाईल.

सुरुवातीच्या वर्षांत मीच ही चूक करायचो. लोक एवढे पैसे खर्चून येतात तर सगळं दाखवावं असं वाटायचं, म्हणून ६५ किलोमीटर, वाइनची दोन तळघरं, एक चर्च, एक किल्ला असा दिवस ठासून भरायचो. एका ग्रुपमध्ये तासगावच्या एक काकू होत्या. जूनचा पहिला आठवडा, मर्सो गावाच्या अलीकडे त्या अचानक थांबल्या, सायकल दगडी कठड्याला टेकवली आणि म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढं, मला हे बघायचंय. बागेत चार-पाच बायामाणसं वेलीच्या कोवळ्या फुटी उचलून दोन तारांच्या मधे घालत होती आणि तारांना छोट्या क्लिपा लावत होती. काकू ओळीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यातल्या एका बाईनं बघितलं, हसली, हातानं या म्हणाली. काकूंना फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता आणि तिला मराठीचा. तिनं एक फूट उचलून दाखवली, पुढची काकूंनी उचलली, बरोबर तशीच, शेंडा न मोडता. मग काकूंनी पान उलटं करून मागची बाजू बघितली, डाऊनी रोगाचा डाग शोधायला बघतात तशी, आणि त्या बाईच्या लक्षात आलं की हिला काम कळतंय. तिनं निळसर डागाकडे बोट दाखवून सांगितलं, बुयी बोर्दलेझ. काकू मागे वळून मला ओरडून म्हणाल्या, अरे बोर्डो म्हणतेय ही! बरोबरच होतं, आपण मोरचूद आणि चुना घालून जे बोर्डो मिश्रण मारतो ते बोर्दोच्याच भागात १८८०च्या दशकात सापडलं, नावही तिथलंच. पाऊण तास गेला. त्या दिवशीचा किल्ला राहिला. परत जाताना विमानतळावर सगळे त्या पाऊण तासाबद्दलच बोलत होते, तेव्हापासून मी रूट अर्धा केला तो केलाच.

आता भाग कोणता. लुआर सोपा आहे, नदीकाठानं जाणारा लुआर आ व्हेलो हा सायकलमार्ग जवळपास ९०० किलोमीटरचा, बराचसा सपाट, वाटेत शांबोर, शनोंसोसारखे राजवाडे, व्हूव्रे आणि शिनोंच्या वाइन्स. पहिल्यांदाच सायकलवर बाहेर निघणाऱ्यांना, मुलं बरोबर असतील त्यांना मी तोच सांगतो, पण तिथं वाइन मधूनमधून येते. बोर्दोचं नाव मोठं, इस्टेटी मोठ्या, अंतरंही मोठी, आणि मेदोकमधे गेट बंद असलेल्या भल्यामोठ्या वाड्यांवरून सायकल चालवत राहिल्यासारखं होतं. सँत-एमिलियों मात्र सुंदर आहे, आणि बोर्दोजवळून सोव्हतेरपर्यंत जुन्या रेल्वेलाइनवर केलेला साधारण ५५ किलोमीटरचा रोजे लापेबी ट्रॅक सावलीचा आहे (हा लापेबी म्हणजे १९३७ची तूर द फ्रान्स सायकल शर्यत जिंकलेला). अल्सासमधली गावं चित्रासारखी आहेत पण चढउतार जास्त. प्रोव्हान्समधे मिस्त्राल वारा समोरून आला की सपाटीवरही घाटासारखी सायकल मारावी लागते.

तुमच्यासाठी बरगंडी. कारण सांगतो. तिथली सगळी वाइनची प्रतवारी म्हणजे एक उतार आहे, आणि उतार गाडीत बसून कळत नाही, मांड्यांना कळतो. दिजाँहून खाली दक्षिणेला डी ९७४ नावाचा रस्ता जातो. न्वी-सँ-जॉर्जच्या बाजूला या रस्त्याच्या पूर्वेला जमीन सपाट, जड, पाणी धरून ठेवणारी, तिथल्या बागांची वाइन बहुतेक नुसत्या बुर्गोन्य, म्हणजे बरगंडी, एवढ्याच नावानं विकली जाते. पश्चिमेला वळलात की पायाला हलका चढ लागतो, तिथं बाटलीवर गावाचं नाव येतं. अजून थोडा चढ, गिअर एक खाली, चुनखडीचे पांढरे खडे दिसायला लागतात, पाणी झटकन निचरून जातं, सकाळचं ऊन सरळ अंगावर, तिथं प्रीमिए क्रू आणि ग्राँ क्रू, म्हणजे सगळ्यात वरच्या दोन प्रती. आणि दम लागेपर्यंत वर जंगलाच्या कडेला गेलात की माती पातळ, हवा गार, तिथं दर्जा परत उतरतो. हे सगळं जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आत. मी ग्रुपला रस्त्यापासून जंगलापर्यंत एकदा हळूहळू चढवतो, चार वेळा थांबवतो आणि प्रत्येक ठिकाणची माती हातात घ्यायला लावतो. संध्याकाळी त्याच चार थरांच्या चार वाइन्स समोर आल्या की मला काही समजावून सांगावं लागत नाही.

तिथं जमिनीच्या अशा प्रत्येक तुकड्याला क्लिमा म्हणतात. शब्द हवामानासारखा वाटतो पण अर्थ आहे नाव आणि हद्द ठरलेलं शेत, आपल्याकडे वडाचा मळा, चिंचेचं वावर म्हणतो ना, तसंच. असे १,२४७ क्लिमा आहेत आणि २०१५ साली युनेस्कोनं ते जागतिक वारसा यादीत घेतले. वूजोला पन्नासेक हेक्टरची एक बाग आहे, क्लो द वूजो, सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी लावलेली, भोवती दगडी भिंत, आत आज ८०च्या आसपास मालक. वाटण्या होत होत एकेकाच्या वाट्याला काही ओळी उरलेल्या, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. तिथून जवळच व्होन-रोमानेला रोमाने-कोंती, पावणेदोन हेक्टरच्या आसपासचा तुकडा, कडेला एक दगडी क्रॉस. आत शिरायचं नाही, भिंतीवर चढून फोटो काढायचे नाहीत, तशी पाटीही आहे. रस्त्यावर उभं राहून बघायचं, पुरेसं दिसतं.

वेली बघून तुम्हाला आधी आश्चर्य वाटेल. आपल्याकडे मांडवाखालून माणूस उभा चालतो, तिथं वेल कमरेएवढी. दोन वेलींत साधारण मीटरभर आणि दोन ओळींतही तेवढंच, हेक्टरी १०,०००च्या आसपास वेली, म्हणजे एकरी चार हजार, आपल्याकडे एकरी हजारच्या आतबाहेर असतात. थंडीत वेल पूर्ण झोपते म्हणून छाटणी वर्षातून एकदाच, आपल्यासारखी एप्रिलची आणि ऑक्टोबरची अशी दोनदा नाही. ओळींवरून टांग टाकून चालणारे उंच ट्रॅक्टर दिसतील. त्यांच्यासाठी सायकलवरून उतरून बाजूला व्हायचं, तो त्यांचा कामाचा रस्ता आहे आणि आपण सुट्टीवर आहोत.

रूट म्हणाल तर बोन या गावाहून सुरुवात करा. बोन ते साँतने हा व्हुआ दे व्हिन्य, म्हणजे वेलींची वाट, साधारण २२ किलोमीटर, पोमार, व्होल्ने, मर्सो, पुलिन्यी-मोंराशे सगळी गावं याच वाटेवर ओवलेली, मोटारगाड्या जवळजवळ नसतातच. २२ आकडा बघून अर्ध्या दिवसात उरकू नका, पूर्ण दिवस द्या. मग साँतनेहून कालव्याच्या काठानं शान्यी, तिथून रुली, मेर्क्युरे करत जिव्री. जिव्रीहून क्लुनीपर्यंत ४४ किलोमीटरची व्हुआ व्हेर्त, म्हणजे हिरवी वाट, आहे, जुनी रेल्वेलाइन उखडून केलेली, १९९७ सालची, फ्रान्समधली अशी पहिली. रेल्वेचाच चढ त्यामुळे जाणवतसुद्धा नाही, मधे जुनी स्टेशनं, आणि शेवटी ९१० साली स्थापन झालेला क्लुनीचा मठ. एक दिवस उत्तरेकडे न्वी आणि वूजोसाठी ठेवा. आणि एक शनिवार सकाळ बोनच्या बाजारासाठी, तेवढी सोडू नका.

आता गाइड. रस्ता सापडण्यासाठी गाइड लागत नाही, पाट्या चांगल्या आहेत. गाइड लागतो तो दारं उघडण्यासाठी. छोट्या शेतकऱ्याकडे दुकान नसतं, नवरा ट्रॅक्टरवर, बायको हिशोबात, आधी फोन करून वेळ ठरवलेली नसेल तर कुणी भेटत नाही आणि त्यात त्यांची चूक काही नाही. ज्याची तिथं दहा वर्षं ओळख आहे त्याच्याबरोबर गेलात तर तोच माणूस तळघरात नेऊन पिंपातून काढून देतो. म्हणून कंपनीला विचारायचं ते हे: टेस्टिंग किती आहेत आणि कुणाकडे, स्वतः पिकवणाऱ्याकडे की मोठ्या व्यापाऱ्याच्या शोरूममधे? व्हॅन दिवसभर आसपास असते की फक्त बॅगा पोचवते? ग्रुप किती जणांचा? गाइड स्वतः सायकलवर असतो का, आणि सगळ्यात मागे कोण चालतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पटकन आलं नाही तर दुसरी कंपनी बघा. खर्च साधारण सांगायचा तर चांगल्या हॉटेलांसह गाइडेड आठवडा माणशी ३ ते ५ हजार युरो, आपापलं, फक्त बॅगा पोचवायची सोय घेऊन, हजार ते दीड हजार. विमान वेगळं. चौघं आहात, आपापलं जायचं ठरवलंत तरी दोन दिवसांपुरता स्थानिक गाइड घ्याच.

ब्रेकबद्दल नीट वाचा, मनापासून सांगतोय. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. फ्रान्समधे भाड्यानं मिळणाऱ्या सायकलींना पुढचा ब्रेक डाव्या हाताला. घरी मागचा समजून डावा जोरात दाबायची सवय, उतारावर एखादं वळण आलं, हात आपोआप आवळला आणि पुढचं चाक जागीच थांबलं. माझ्या ग्रुपमधल्या एका दादांचं कॉलरबोन असंच मोडलं, दुसऱ्याच दिवशी, वेग फार नव्हता. त्यांना मी आदल्या संध्याकाळी हे बोललो होतो पण करून घेतलं नव्हतं. आता पहिल्या संध्याकाळी पार्किंगमधे २० मिनिटं सगळ्यांना फक्त ब्रेक दाबत गोल फिरवतो, आणि डाव्या लिव्हरला लाल चिकटपट्टी लावतो. तुम्हीही लावा. वाहतूक उजवीकडून आहे, राउंडअबाउट उलटा फिरतो, आणि गावात खूण नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा आधी हक्क, ती गल्ली कितीही बारीक असो. इअरफोन घालून सायकल चालवली तर दंड होतो.

वाइन आणि सायकल एकत्र कशी. रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम ही मर्यादा तिथं सायकलवाल्यालाही आहे, पण कायद्याच्याही आधी जूनचं ऊन आहे. माझा नियम एकच, सायकल संपण्याआधी गिळायची नाही. सकाळी टेस्टिंग असेल तर थुंकायची. आपल्या लोकांना याचा फार संकोच वाटतो, यजमानांसमोर त्यांचीच वाइन थुंकायची म्हणजे अपमान असं वाटतं. उलट आहे. समोर भांडं ठेवलेलंच असतं, तो शेतकरी स्वतः तेच करतो, आणि तुम्ही तोंडात घोळवून, नाकानं श्वास घेऊन मग थुंकलीत की तो तुमच्याकडे जरा आदरानं बघतो. घरी पाणी घेऊन बेसिनवर दोनचार दिवस सराव करा, पहिल्यांदा हनुवटीवर ओघळते. एका दिवसात एकच टेस्टिंग, शक्यतो संध्याकाळी, सायकल लावून झाल्यावर. तिसऱ्या तळघरात जिभेला काही कळत नाही.

तुमच्यातले जे घेत नाहीत त्यांनी बिनधास्त यावं. वास घेण्यातच अर्ध्याहून जास्त गंमत आहे आणि त्याला कुणी ना म्हणत नाही. बोनला दगडी जात्यावर मोहरी दळणारी जुनी गिरणी आहे, १४४३ साली गरिबांसाठी बांधलेलं ओतेल-दिए हे इस्पितळ आहे, रंगीत कौलांचं, आतली आजाऱ्यांच्या पलंगांची रांग बघून माणूस गप्प होतो. जूनच्या सुरुवातीला वेल फुलते, फूल डोळ्याला दिसेल न दिसेल एवढं, पण त्या आठवड्यात सकाळी सायकलवरून जाताना एक मंद गोडसर वास येत राहतो, तो काही बाटलीत मिळत नाही. तिथली जुनी माणसं म्हणतात फुलल्यापासून १०० दिवसांनी तोडणी. म्हणूनच सप्टेंबरपेक्षा तुमचा मे अखेर ते जून मध्य हाच काळ मी सुचवेन, तोडणीच्या दिवसांत बघायला छान असतं पण कुणाला बोलायला वेळ नसतो.

ई-बाइक घ्या, निदान दोघांनी तरी. मदत ताशी २५ पर्यंतच मिळते, पुढे पायच मारायचे असतात, आणि चौघांत कमीजास्त ताकद असेल तर तीच गोष्ट चौघांना एकत्र ठेवते. फक्त ती जड असते, उतारावर ब्रेक लवकर धरा. टायर ३५-४० मिलिमीटरचे मागा, बागांतल्या वाटा खडीच्या आहेत.

शाकाहारी लोकांनी आधी लेखी कळवायचं, हॉटेलला वेगळं आणि गाइडला वेगळं. बरगंडीचं जेवण म्हणजे वाइनमधे शिजवलेलं बीफ, गोगलगायी, आणि साध्या हिरव्या सॅलडवरही डुकराच्या मांसाचे तुकडे घातलेले असतात, व्हेज म्हटलं तरी कधीकधी मासा येतो. पाठ करा: जे न मांज नी व्यांद नी प्वासाँ, मी मांस खात नाही आणि मासेही नाही. गुजेर नावाचे चीजचे फुगलेले गोळे मिळतात, अंडं चालत असेल तर पोटभर खा. चीजमधे बऱ्याचदा प्राण्याचं रेनेट (दूध घट्ट करायला वासराच्या पोटातून काढलेलं द्रव्य) असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी विचारून घ्या. दुपारचं जेवण १२ ते २, सव्वादोनला पोचलात तर किचन बंद, रविवारी-सोमवारी गावंच्या गावं बंद. म्हणून बॅगेत शेंगदाण्याची चटणी, दशम्या, चिक्की ठेवा. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपियन युनियनमधे बंदी आहे. पाणी संपलं तर गावाच्या दफनभूमीत नळ असतो, पण त्यावर ओ नों पोताब्ल लिहिलं असेल तर ते प्यायचं नाही.

व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मेसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट धरा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, तो घेताना सायकलिंग त्यात धरलंय ना ते लेखी विचारा. पॅरिसहून बोन ट्रेननं सव्वादोन तासांच्या आसपास, मधे बहुतेक दिजाँला बदलायची. उतरल्या दिवशी सायकल नको, झोपा. येताना माणशी दोन लिटर वाइन कस्टम ड्युटीशिवाय आणता येते, म्हणजे दोन बाटल्या, तिसरीला हिशोब ओलांडतो.

तयारीचं म्हणाल तर रविवारी ४० करण्यापेक्षा शनिवार-रविवार-सोमवार लागोपाठ २५-२५ करा. दम पुरतो, त्रास होतो तो बसायच्या जागेला. पॅडवाली शॉर्ट्स आत काही न घालता वापरायची, आणि तीच इथं महिनाभर वापरलेली असावी, नवी नको. पातळ रेनजॅकेट आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्हज घ्या, मेमधे तिथं सकाळी ८-१० अंश असू शकतं. आणि आत्ताच टेप घेऊन आपापल्या सायकलीचे दोन्ही पॅडलचे दांडे जिथं जोडलेत त्या मधल्या धुरीपासून सीटच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर चौघांचं सेंटिमीटरमधे मोजून ठेवा. पहिल्या संध्याकाळी तो आकडा सांगितला की तिथला मेकॅनिक दोन मिनिटांत सीट लावून देतो.